डाव्या बरगडीची पोलिसभरती

...आणि वर गल्लीतली माणसं मलाच म्हणत्यात, "वीरभद्रा, जरा मोकळेपणानं हस की रं!" हसू? मी? अवो, बरगडी हाय का चेष्टा?

हां, आधी माफी मागतो. शाळा माझी पाचवीत सुटली. हे सगळं वहीत लिहून आणलंय, त्यात ऱ्हस्वदीर्घाचा नुसता चिखल हाय. तुम्हाला त्यो ऐकू यायचा न्हाय म्हणा, पण मला वाचताना दिसतोय आणि लाज वाटतीया. शब्दबी साधेच. चारचौघांत बोलायची मला सवय न्हाय, म्हणून मधे थांबणार न्हाय... थांबलो तर परत सुरू व्हायचा न्हाय!

तर तुम्हाला सांगतो, संस्थान विलीन झालं आणि कोल्हापुरात नवी पोलिसभरती निघाली. अट काय? छाती साधी बत्तीस इंच, फुगवून चौतीस. माझी किती? साडेएकतीस! अर्ध्या इंचासाठी माणसाची नोकरी जाती का? जाती! आप्पा वारल्यापासनं घरात मी आणि माझी आई, अव्वा. मी शेंगांच्या वखारीत पोती उचलणार, ते बी मालकाची मर्जी असंल तवा. आणि दिवाळी झाली की माझं वय भरतीच्या भाईर. म्हणजे हीच एक भरती! मग गेलो तालमीत, तात्या वस्तादांकडं.

तात्यांनी मडकं बघावं तशी माझ्या छातीवर टिचकी मारली. "आयला, ही छाती हाय का दाराची फळी? जोर-बैठकांनी वरीस लागंल. भरती कवा हाय?" म्हणलं, "वीस दिवसांनी." तात्यांनी खुंटीवरच्या कोटातनं एक फाटकं चित्र काढलं. कुठला तरी गोरा माणूस बाकड्यावर उताणा झोपलाय, आणि हातात दोन्ही टोकांना चाकं लावलेली लोखंडी कांब! तात्या म्हणलं, "बघ! आमी जन्मभर मातीत मेलो, आणि हे लोक झोपून छाती कमावत्यात! पण तालमीत असलं झोपून चालायचं न्हाय, मारुती बघतोय. तुझ्या घरामागच्या परड्यात कर."

झोपायला काय, झोपतो. पण चाकं? तात्यांचं डोकंच निराळं! पहार घेतली. एका टोकाला आमच्या जात्याचा वरचा दगड घातला, दुसऱ्या टोकाला शेजारच्या तानाबाईच्या जात्याचा. मधोमध भोक असतंयच की! अव्वा ओरडली, "अर्धं जातं न्हेलंस, आता भाकरी काय खालच्या दगडाची थापू?" मी मान खाली घातली आणि बाकड्यावर जाऊन झोपलो.

दहा दिवस नीट गेलं. तात्या रोज सुतळीनं छाती मापायचं आणि "आली, आली" म्हणायचं. अकराव्या दिवशी... ऐका! मी उताणा, पहार वर, डोक्याशी तात्या "आणि एक! आणि एक!" करायलेत, आणि परड्याच्या दारातनं तानाबाई आली. "वीरभद्रा, उडीद भरडायचं हाय. माझा दगड?" आता मी बोलू कसा? दातावर दात! तात्या म्हणलं, "बाई, जरा दम." तर म्हणती कशी, "दम कशाला? तुमचं चालू दे की! मला तुमच्या दगडाशी काय करायचंय? माझा तेवढा घेतला!"

आणि घेतला! अवो, तव्यावरची भाकरी उचलावी तसा उजव्या टोकाचा दगड काढून घेतला बाईनं! आता डावीकडं आमचा दगड एकटा. त्यो काय शिस्तीत राहणार? डावी बाजू पाताळात, उजवी आभाळात, पहारीच्या टोकाला तात्यांचं धोतर, आणि मधे मी, पिळ्यासारखा! डाव्या बरगडीत 'कट्'! तानाबाई दारातनं मागं वळून म्हणती, "काय मोडलं का रं? माझा दगड तर बरा हाय."

डॉक्टरनं दाबून बघितलं. "मोडलं न्हाय. दोन बरगड्यांच्या मधला स्नायू फाटलाय. औषध एकच. तीन आठवडं हसायचं न्हाय, शिंकायचं न्हाय, खोल श्वास घ्यायचा न्हाय!" म्हणलं, "डॉक्टरसाहेब, नऊ दिवसांनी मला छाती दोन इंच फुगवून दाखवायची हाय." त्ये हसलं. त्यास्नी काय, हसायला मोकळं!

आणि आमची गल्ली! माणूस पडला म्हणलं की रांग लागती. येणार, विचारणार, "कशानं झालं?" अव्वा सांगणार, "तानाबाईनं मधनंच दगड न्हेला." झालं! पावणा पोट धरून हसणार, त्याला बघून मला हसू येणार, आणि मी घोंगडं दातात धरून रडणार. हसायचं न्हाय, शिंकायचं न्हाय, खोल श्वास घ्यायचा न्हाय! तात्यांचा उपाय निराळाच: "पहारीनं डावीकडं पिळलं न्हवं? आता उजवीकडं पिळू, बरोबर होतंय." त्यो उपाय मी कडी लावून टाळला. अव्वानं मात्र आंबेहळद आणि रक्ताबोळाचा लेप रोज थापला. वाळला की वर दुसरा. छाती न्हवं, सारवलेली भिंत!

भरतीचा दिवस उजाडला. मैदानात उघड्या अंगाची शंभर पोरं, एकेकाची छाती म्हणजे नगारा. टेबलामागं साहेब, आणि फीत घेऊन गणपतराव हवालदार, मिशीला तपकीर लागलेली. मला बघून म्हणतात, "हे पिवळं काय? हळदीतनं उठून आलाईस काय, नवरदेव?" सगळी पोरं हसली. मी न्हाय हसलो. जीभ चावली.

फीत लावली. साधी छाती... बत्तीस! पुरी! अर्धा इंच सुजेनं भरून दिला! आता हसावं का रडावं? दोन्ही बंद!

"फुगीव!" मी जरासा श्वास घेतला. सव्वाबत्तीस. बरगडीतनं कळ अशी आली, डोळ्यांपुढं अव्वा दिसली, रिकामं पोतं दिसलं. "अरं फुगीव की! का पुढचा घेऊ?" म्हणत गणपतराव माझ्या नाकाशी वाकलं, आणि त्यांच्या मिशीतली तपकीर माझ्या नाकात! आं... शिंक यायली! शिंकायचं न्हाय! मी दाबली. दाबली तशी ती आतनं श्वास ओढायली. आं... आं... तेहतीस! चौतीस! आं... गणपतराव ओरडलं, "साहेब, थांबंना झालाय ह्यो!" साहेब खुर्चीतनं उठून टेबलाच्या पुढं आलं. पस्तीस! छत्तीस! गणपतराव कारकुनाला म्हणलं, "लिवा, लिवा, छत्तीस!" आणि लिवल्याबरोबर शिंक आली.

ती कशी आली ते विचारू नका. मी कमरेत दुमडून कपाळ पार साहेबांच्या बुटावर. साहेब गहिवरलं. "बघा, गणपतराव! पास झाल्या-झाल्या पाया पडतोय. घरचं वळण!"

घेतलं मला! अव्वानं गल्लीत साखर वाटली. तानाबाईनं मूठभर घेतली आणि म्हणाली, "मी दगड काढला म्हणून पोरगं पोलिस झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर झालो. म्हणलं आता काठी देतील, चौकात उभं करतील, गपगुमान उभा राहीन, बरगडी आपोआप भरंल. तर कारकुनानं वही बघितली. "छत्तीस? चार इंच फुगवटा? अख्ख्या भरतीत एकच हाय. बँडकडं जा!"

बँडमास्तरनं माझ्या गळ्यात हंड्याएवढा पितळी कर्णा अडकवला. "फुंक." म्हणलं, "मास्तर, डॉक्टरनं तीन आठवडं..." मास्तर म्हणलं, "फुंकतोस का नाव खोडू?" मग काय करता? डोळं मिटलं, श्वास घेतला आणि फुंकला. आवाज कर्ण्यातनं आला का माझ्या बरगडीतनं, कुणाला ठाऊक... चार कबुतरं उडाली, माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी, आणि मास्तर मान हलवत म्हणतात, "वा! सूर अगदी बरोबर लागलाय. रोज असाच काढायचा!"