एक्केचाळीस नंबरची काच

समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या प्राचार्या तेजश्री मॅडम, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे नझीर सर, सरांच्या पत्नी महरुन्निसा भाभी, आणि उमरठपासून पाचाडपर्यंतच्या गावांतून आलेले आजी-माजी विद्यार्थी मित्रहो. मी महिपती उतेकर, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला अटेंडंट. आभार मानायचं काम माझ्याकडे दिलंय. लिहूनही आणलं होतं. पण सर आत्ताच मनोगतात म्हणाले, "माझी कृतीच चुकली, पुढची नऊ वर्षं फुकट गेली." ते ऐकलं आणि कागद खिशात ठेवला.

काय होती ती कृती? जस्ताचं मीठ पाण्यात विरघळवायचं, त्यात काच उभी करायची, नव्वद अंशांवर बारा तास ठेवायची. इतरांना हजार अंशांची भट्टी लागते. सरांचं काम भात शिजतो त्याहून कमी आचेवर. काचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या स्फटिकांच्या सुया उगवत. त्या दाबल्या की वीज! अशा काचा आमच्या कापड्याच्या डोंगरात पुरायच्या, डोंगर सरकायला लागला की घंटा वाजेल, असं सरांच्या मनात होतं. आमचं घर त्याच डोंगराखाली हाय.

एक्केचाळिसाव्या काचेवर सरांनी अंगठा दाबला आणि मीटरचा काटा हलला. "महिपती, बघ रे! हलला!" म्हणत त्यांनी मला मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी मुंबईहून अनुदानाची समिती येणार होती. मी लवकर येऊन टेबल लख्ख केलं. ट्रेमध्ये एक काच दिसली, तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी. पाहुण्यांपुढे अशी घाणेरडी काच ठेवायची? सौम्य आम्लात बुडवली, पुसली, जागेवर ठेवली. तीच ती एक्केचाळीस नंबरची, तो पांढुरका थर म्हणजेच सरांच्या सुया, हे मला कळलंच नाय हो! बारा वर्षं काचाच धूत होतो मी.

समितीसमोर काटा ढिम्म. सर काच उजेडात धरून बघत राहिले. "थर टिकत नाही," म्हणाले. अनुदान बंद झालं. सरांनी ती कृती सोडली, दुसऱ्या पन्नास करून पाहिल्या. काटा पुन्हा हलला नाय.

काय म्हणालात सर? "तेव्हा का नाही बोललास?" सर, मी तेव्हा कायम नव्हतो. भ्यालो. कायम झालो तेव्हा लाज वाटली. मग सावित्रीच्या पुरात तुमच्या वह्या गेल्या, सगळी मापं गेली. आता ते संशोधनही बंद झालंय, तुमचे हात थरथरतात. यातून आता काही उभं राहणार नाय, मला ठाऊक हाय. पण तुमची कृती बरोबर होती. एवढं घरी घेऊन जा.

बसा सर, शाल पडली तुमची.

तर मॅडमचे, पाहुण्यांचे, मंडपवाल्यांचे आणि बाहेर वडे तळणाऱ्या ठकूबाईंचे मनापासून आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, तर तेवढं पदरात घ्या. त्या काचेची माफी मी मागत नाय, ती चूक पदरात घेण्याएवढी लहान नाय.