एका पायाचा लांडगा

भाऊ: टोपली सांभाळून उचल, ठशाची कड मोडेल. हां. आता बघ. लांडगाच ना?

बहीण: दादा, आधी उजेड सोड. तू असा अंगावर उभा राहिलास तर ठसा दिसणार कसा?

भाऊ: सरकलो. एवढा पंजा आपल्याकडच्या कुठल्या कुत्र्याचा असतो, सांग बरं.

बहीण: कुत्र्याचं नाव मी कुठं काढलं?

भाऊ: लोक काढतात, म्हणून म्हटलं.

बहीण: टोपली कुणी घातली?

भाऊ: मीच. ठसा आधी दिसेल त्यानं टोपली घालायची आणि तू येईपर्यंत पुढं पाय टाकायचा नाही. बाबा माग काढायचे तेव्हा त्यांनीच घालून दिलेली रीत, आता माग तू काढतेस.

बहीण: रीत पाळलीस, आणि बाबांचं नाव याच चिखलात तुडवलंस. हा ठसा बघ. कडेच्या बोटाचं नख तुटकं. आता त्याच्या पुढचा.

भाऊ: त्यातही तुटकंच दिसतंय.

बहीण: आणि त्याच्या पुढचा?

भाऊ: तुटलं असेल गं. दगडाधोंड्यात फिरणारं जनावर.

बहीण: सगळ्या ठशांत तेच बोट, तेच नख. म्हणजे सगळे ठसे एकाच पायाचे. लांडगा काय लंगडी घालत आला होता मेंढ्या खायला?

भाऊ: हळू बोल.

बहीण: बाबांच्या खुंटीवर लांडग्याचा वाळका पंजा लटकतोय, त्याचंच हे नख. खेळताना मी तोडलं होतं. मार तू खाल्लास.

भाऊ: मग आज माझ्यासाठी एवढं कर. लांडगा म्हण.

बहीण: खरे ठसे कुठायत?

भाऊ: झुडपांपलीकडं होते. चिखल फिरवला मी त्यांच्यावर.

बहीण: आपलाच कुत्रा ना?

भाऊ: सकाळी तोंड रक्तानं माखून आला. मी धुतलं. तुझ्या वहिनीला दिसायच्या आत.

बहीण: चटावलेलं कुत्रं थांबत नाही, दादा. आज मेंढ्या, उद्या कुणाचं पोर.

भाऊ: मला शिकवू नकोस. पोरगा गेल्यापासून तुझ्या वहिनीनं माझ्याशी बोलणं टाकलंय. तू आलीस तर दोन शब्द, नाहीतर त्या कुत्र्याशी. त्याला जेव म्हणते, मग स्वतः घास घेते. त्याला गोळी घातली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?

बहीण: आणि लांडगीण? वर कपारीत तिची पिल्लं आहेत, अजून डोळे उघडले नाहीत त्यांचे. माझ्या शब्दावर बंदुका वर चढतील.

भाऊ: लांडगीण आपली कोण लागते?

बहीण: कुणाचीच कोणी लागत नाही. म्हणून तर गावाची सगळी पापं तिच्या माथी मारायची सोय आहे. आज तिला मारतील. पुढं पुन्हा मेंढ्या मेल्या की काय करशील? दुसरा पंजा कुठून आणशील?

भाऊ: तेव्हाचं तेव्हा बघू. थांब, तो आला.

(शेजारी बंदूक खांद्याला लावून चढ चढत येतो.)

शेजारी: काय गं, अजून ठसाच बघतेस? माझ्या मेंढ्या तिकडं फुगायला लागल्या. माणसं खोळंबलीत खाली. लांडगा म्हण, की निघालो.

बहीण: काका, लांडगा नाही.

शेजारी: मग हे काय कोंबडीचे पाय आहेत?

बहीण: हे खोटे ठसे आहेत. मेंढ्या कुत्र्यानं मारल्या.

शेजारी: कुणाच्या?

भाऊ: तिला नको विचारूस. माझ्या.

शेजारी: तुझ्या? तुझ्या पोराच्या मागं मागं फिरायचा, तो?

भाऊ: तोच. ठसे मी उमटवले.

शेजारी: अरे... शिवी हासडणार होतो तुला. तीही येईना तोंडात.

भाऊ: दे की. ऐकून घेतो.

शेजारी: कुठंय तो?

भाऊ: ओट्यावर. तिच्या पायाशी.

शेजारी: तुझ्या ओट्यावर मी बंदूक घेऊन चढणार नाही. तूच बाहेर आण त्याला.

भाऊ: आणतो.

बहीण: दादा, थांब. वहिनीला मी सांगते.

भाऊ: नको. तू सांगितलंस तर तुझ्याशीही बोलायची बंद होईल. माझ्याशी ती तशीही बोलत नाही.