आधी उजवा पाय

निमाणी स्टँडवर त्र्यंबकच्या गाडीसाठी लाइनीत उभा होतो. पुढे मायलेकी. आई मोबाइलवर एकच व्हिडिओ मोठ्याने पाचव्यांदा लावत होती. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

“आई, हळू लाव गं. लोक बघतात.”

“बघू दे. ऐक ना. ‘आधी उजवा पाय, माउली. घाबरू नका, मी धरलंय.’ पप्पाच ना तुझे?”

“पप्पाच. मॉलच्या सरकत्या जिन्यावर. ग्रुपवर टाकलाय कोणीतरी.”

“कसला ग्रुप?”

“मॉल पाडला ना, त्याच्या आठवणींचा. फेसबुकवर. चार हजार लोक आहेत.”

“हा घे मोबाइल. खाली काय लिहिलंय, वाच.”

“एक म्हणतो, ‘हे वॉचमन काका माझ्या आजीला हात धरून वर न्यायचे.’ दुसरी म्हणते, ‘मलापण. काका आता कुठे असतात? भेटायचंय.’”

“आणि तू काय लिहितेस?”

“खरं तेच. गेल्या वर्षी वारले.”

“नको तृप्ती. पूस ते.”

“अगं, लोक विचारतायत.”

“विचारू दे. घरी रोज फोटोला हार घालतेच मी. तिथं तरी त्यांना ड्युटीवर राहू दे.”

“मग लिहू काय?”

“काही नको. परत लाव.”

गाडी आली. आई गुडघा धरून पायरीपाशीच अडली. मागून एकजण ओरडला, “ओ मावशी, चढा की लवकर!”

“गप रे, चढतायत ना त्या!” मी भडकलो.

तृप्तीने आईचा हात धरला.

“आधी उजवा पाय, माउली.”