पूर्वेचा ध्रुव

(मे १९९८, संध्याकाळ. मखमलाबादच्या मळ्यात लग्न लागलं आहे. नवरा-नवरी जीपमध्ये बसून आहेत. जीप हलत नाही.)

यशोदाबाई : मानाची साडी विटकी निघाली, मी बोलले नाही. पंगतीत मठ्ठा संपला, तरी बोलले नाही. पण माझ्या कुंदनला खोटा ध्रुव दाखवलात, व्याहीबुवा!

सावळीराम : खोटा कसा? भटजींना दुसरं लगीन गाठायचं व्हतं, म्हणून मीच बोट केलं. लेकीच्या लग्नात हातचलाखी करीन का मी?

यशोदाबाई : ध्रुव उत्तरेला असतो. तुम्ही पूर्वेला दाखवलात. आमचा कुंदन दर अमावास्येला दुर्बीण घेऊन डोंगरावर जातो. तो म्हणतो, ही स्वाती. म्हातारा तारा, फुगून नारिंगी झालेला.

रंगूबाई : म्हातारा, फुगलेला, तांबडा? अहो, जावयानं तुमचीच पत्रिका मांडली की!

सावळीराम : तू गप गं. आपल्या लग्नात मामानं मला ह्योच दाखवला, अन् मी तुला.

यशोदाबाई : ते तुमचं तुम्ही बघा. खरा ध्रुव पाहिल्याशिवाय सुवर्णा माझा उंबरा ओलांडणार नाही.

सावळीराम : आता कुठून दाखवू? उत्तरेला बिल्डरनं चार मजले चढवलेत. त्याच्यामागं गेला तुमचा ध्रुव.

यशोदाबाई : मग त्या गच्चीवर न्या दोघांना.

सावळीराम : शालू नेसून? जिन्याला अजून कठडा नाय!

रंगूबाई : विहीणबाई, तुमाला खरा दाखवला व्हता?

यशोदाबाई : अगदी खरा. सप्तर्षींपासून रेघ ओढून.

रंगूबाई : मग व्याही हलत नसतील जागचे.

यशोदाबाई : हलतात कुठे! आत्ता बघा ना, सगळं वऱ्हाड उभं आणि हे खुर्चीत. तांब्या हाताशी असला तरी पाण्यासाठी मलाच हाक.

रंगूबाई : आमचा तारा हलतो बघा. दिवाळीच्या सुमाराला मावळून जातो, होळीला मोगऱ्याच्या वाफ्यामागून परत वर. ह्यांचं बी तसंच. रुसले की चालले दिंडोरीला, बहिणीकडं. पण येताना कधी द्राक्षं, कधी बांगड्या. रिकाम्या हातानं नाय आले.

सावळीराम : एकदा आलो व्हतो.

रंगूबाई : तवा पिशवी एष्टीत राहिली व्हती.

यशोदाबाई : म्हणजे माझ्या सुनेच्या नशिबी रुसून जाणारा नवरा?

रंगूबाई : अन् परत येणारा. आल्यावर पाणी बी सोता घेणारा.

यशोदाबाई : स्वतः घेतात?

रंगूबाई : मला बी देतात.

यशोदाबाई : ...ड्रायव्हर, काढ गाडी. सुवर्णा, तो तारा खिडकीतून नीट बघून ठेव गं. परतला की ओळखता आला पाहिजे.

सावळीराम : गेली बाई पोर एकदाची. पण काय गं, तो ध्रुव नाय, हे तुला कधी कळलं?

रंगूबाई : लगीन झालं, त्याच दिवाळीला.

सावळीराम : अन् इतकी वर्सं बोलली नाय?

रंगूबाई : किती हौसेनं दाखवला व्हता तुमी.