चौदावी गोळी

हे आजच सांगायचं आहे, आत्ता, कारण उद्या सकाळी उठले की मीच माझी समजूत घालीन की काय एवढं त्यात, आणि मग राहिलंच ते. शिफ्टवरून आले ती अजून कपडे पण नाय बदलले. रूमवरच्या निशाला बोलले, तू मोबाईलवर टाइप कर, मी बोलते, जसं बोलते तसंच घाल, मधे शहाणपणा नको. ती बोलते श्वास तरी घे. नाय घेत.

तर मी केळशीच्या आतल्या अंगाची. आमच्याकडून समुद्र दिसत नाय, फक्त वारा येतो आणि टोपली घेऊन मासेवाली मावशी येते. बापूस मुंबईला एका हॉटेलात भटारखान्यात, वर्षातून दोनदा घरी, गणपतीला आणि शिमग्याला. आई काजूच्या कारखान्यात गर निवडायला जाते, मोठे वेगळे, तुकडा वेगळा, बोटाला कळतं तिच्या. आणि आमच्याकडे वजन कोण करतो हो? मासे वाट्यावर घ्यायचे, आई बोलणार एवढासा वाटा काय देतेस गो, मावशी बोलणार तुला म्हणून दिला, दुसरीला एवढा पण नाय, आणि बडबडत अजून एक बांगडा टाकणार. असा आमचा हिशेब. त्या घरातली मी, आणि मला नोकरी लागली वजन करायची! ते पण मिलिग्रॅममध्ये. आईला सांगितलं एका ग्रॅमचे हजार भाग, त्यातला एक भाग. ती बोलली मग दिसतं काय ते?

नोकरी सुधीरदादाने लावली. दादा म्हणजे सख्खा नाय, आंजर्ल्याचा, माझ्या मावशीच्या शेजारचा. खेडच्या बाजूला एमआयडीसीत गोळ्या बनवायची कंपनी आहे, नाव नाय सांगत, तिथे तो मशीनवर होता, ठेकेदाराकडून. मी बीएस्सी करून घरात बसलेली, तर तो स्वतः साहेबाकडे गेला आणि बोलला आमच्या गावची मुलगी आहे, हाताची स्वच्छ आहे. हाताची स्वच्छ!

काम काय ते सांगते, नायतर पुढचं कळणार नाय. मशीनमध्ये एक गोल चकती फिरते, तिला सत्तावीस भोकं. भोकात पावडर पडते, वरून एक दांडा येतो, खालून एक, त्यांना पंच बोलतात, मधे दाबली की झाली गोळी. चकती एकदा फिरली की सत्तावीस गोळ्या. मी दर अर्ध्या तासाने त्यातल्या वीस उचलायच्या, चिमट्याने एकेक काट्यावर ठेवायची, काचेचं दार लावायचं, आकडा थांबेपर्यंत थांबायचं, लिहायचं, पुढची. आमची गोळी चारशे मिलिग्रॅमची, रक्तदाबाची. थोडी इकडेतिकडे झाली तर चालते, वीसात दोन जरा जास्त इकडेतिकडे झाल्या तरी नियमात बसतात, पण तीनशे साठच्या खाली एक पण नाय चालत. एक जरी आली तरी मशीन बंद करायची आणि साहेबाला बोलवायचं. एवढंच काम. माकडाला पण जमेल, दादा चिडवायचा, फक्त माकड सही करत नाय.

तर गेल्या पावसात, गणपतीला चार दिवस होते. हवा अशी दमट की पावडर सगळीकडे चिकटत होती. त्यात काट्याचा प्रिंटर बिघडलेला, म्हणजे आकडे हाताने लिहायचे. आणि साहेब सकाळीच सांगून गेलेला की ही बॅच संपली तर सुट्टी, नायतर कुणीच हलायचं नाय. आता कोकणातल्या माणसाला गणपतीला हलायचं नाय हे बोलणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. त्यात दादाचा बाप त्या वर्षीच गेलेला, घरात कर्ता पुरुष हाच, गणपती आणायला दुसरं कोण नाय. रोज बोलायचा, मूर्ती सांगून ठेवलीय, पाट मीच घेणार डोक्यावर. आणि मी त्याच्याच बाईकवर मागे बसून जाणार होते. हे पण सांगायला हवं. मला पण जायचं होतं.

तेरा गोळ्या झाल्या, तीनशे अठ्ठ्याण्णव, चारशे दोन, सगळ्या छान. चौदावी ठेवली. तीनशे एकावन्न. मी दार उघडून परत लावलं. तीनशे एकावन्न. काटा शून्यावर आणला, परत ठेवली, तेच. पेन कागदावर टेकलेलं माझं. दादा मागे उभा राहिला, बोलला काय गो बाय, अडलीस? मी बोलले ही बघ. त्याने बघितली. मग ती गोळी उचलली, बोटात धरून मोडली, केराच्या पिशवीत टाकली, ट्रेमधली दुसरी उचलून काट्यावर ठेवली. बोलला, घे चौदावी, कोपरा उडाला असेल त्या मेलीचा.

चारशे एक.

मी लिहिलं. पंधरावी घेतली, सोळावी, विसावी. सही केली. अर्ध्या तासाने परत वीस, सगळ्या चांगल्या. त्याच्या पुढच्या पण चांगल्या. दादा लांबून हात उडवून बोलला, बघ, दिसते काय कुठे? आणि मला खरंच बरं वाटलं. बॅच संपली, आम्ही गेलो, वाटेत भिजलो, हसत होतो दोघं.

आणि मग घरी, आरतीला. बापूस मुंबईवरून आलेला, घर भरलेलं, मी झांजा वाजवतेय, आणि एकदम डोक्यात आलं. कोपरा कुठे उडालेला? मी चिमट्यात धरून बघितली होती ना! गोल होती, अख्खी, फक्त पातळ. म्हणजे एका भोकातला खालचा पंच पावडर चिकटून अडकलेला, नीट खाली जात नव्हता, तिथे पावडर कमी पडत होती. म्हणजे एक गोळी नाय. चकतीच्या दर फेरीला एक. सत्तावीसातली एक, तास न् तास, आणि मी उचलते वीस, सात बाहेरच राहतात, तर ती कधी माझ्या हातात येणार, कधी नाय. पुढच्या वीसांत नाय आली म्हणून बरं वाटलेलं मला. बरं! माझ्या झांजा थांबल्या तर आई बोलली हात दुखले काय गो एवढ्यात?

सुट्टीवरून आले ती साहेबाकडे गेले. दादाला आधी सांगितलं नाय, ही माझी दुसरी चूक. साहेबाने दार लावलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, दादाने गोळी मोडली ते पण. वाईट माणूस नाय तो. मग बोलला, शीटवर सही कुणाची? माझी. शीटवर काय लिहिलंय? चारशे एक. मग शीट खोटी की आत्ता बोलतेस ते खोटं? दोन्ही खरं नाय होऊ शकत, एक ठरव. शीट खोटी तर तू उद्यापासून येऊ नकोस, आणि परत कुठच्या कंपनीत उभी राहू नकोस. तो बोलला, लॅबने पण वीस तपासल्या, पास आहेत. माल गेलासुद्धा. आणि अगं, सत्तावीसातली एक, पन्नास मिलिग्रॅम कमी, एक दिवस माणसाला औषध जरासं कमी गेलं तर काय होतं? सांग ना, काय होतं?

मला नाय माहिती हो. हेच तर आहे. मला नाय माहिती. एखादीच्या नशिबाने लागोपाठ तशाच येतील काय? एखाद्या म्हाताऱ्याला तेवढीच पुरत नसेल काय? का खरंच काही होत नाय? विचारायचं कुणाला? चहा प्यायले आणि बोलले, शीट बरोबर आहे सर.

महिना संपला तसा दादाचा ठेका संपला. कारण काही नाय, यादीत नाव नाय एवढंच. मशीन मात्र उघडून धुतली, पंच बदलले, म्हणजे साहेबाला कळलेलं सगळं. गेटवर दादा भेटला, डबा हातात. बोलला, बाय, मला आधी बोलायचं होतंस ना, मीच गेलो असतो साहेबाकडे. गेला असता काय? मला नाय वाटत. पण बोलला तो तसं, आणि ते तसंच राहिलं. आता तो पावसकडे कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत राखणीला असतो. वहिनी, त्याची बायको, दापोलीच्या बाजारात दिसली, मी हाक मारली, तिने भाजीवाल्याशी बोलणं नाय थांबवलं.

मी आहे तिथेच. पगार वाढला थोडा. घरी आई सगळ्यांना सांगते, आमची मुलगी औषधं तपासते, तिच्या सहीशिवाय बाहेर नाय पडत. मेडिकलमध्ये गेले की रक्तदाबाच्या स्ट्रिपा उलट्या करून नंबर बघते, तो बॅच नंबर मला पाठ आहे. सापडला तर काय करणार? विकत घेऊन किती घेणार? आणि त्यातली कुठची, ते नुसतं बघून मला पण नाय ओळखता येणार.

आता आजचं. आज दुसरी मशीन, दुसरी गोळी, ऑपरेटर नवा, माझ्याकडे बघत पण नाय, कानात बोळे घालून आपला उभा. प्रिंटर परत बिघडलेला. सण नाय, सुट्टी नाय, घाई नाय, साहेब पण नाय. सहावी ठेवली, हलकी आली. चांगलीच हलकी. आणि मी काय सांगू तुम्हाला, मी विचार नाय केला, घाबरले नाय, इकडेतिकडे बघितलं पण नाय. माझा हात गेला, ती उचलली, बोटात धरून मोडली, ट्रेमधली दुसरी ठेवली. आकडा लिहिला. सातवी घेतली. बारावीपर्यंत मला कळलंच नाय की मी काय केलं. कळलं तरी विसावीपर्यंत गेले. सही केली.

कुणी सांगितलेलं नाय हो आज मला. कुणीच नाय.

ही निशा टाइप करायची थांबलीय, माझ्याकडे बघतेय. बघू दे. तुम्ही सांगा, तुम्ही कुठे कुठे कामाला असाल, ऑफिसात, शाळेत, दुकानात, तुमचा पण हात गेलाय काय कधी असा, आपला आपण? आणि गेला असेल तर परत कसा आणलात? का नाय आणता येत?