समोरच्या पाटीवरचा खडू

—छे छे, क्लचप्लेटांच्या नावानं खडे फोडू नका, साहेब. रेस दिली की इंजिन गाढवासारखं बोंबलतं आणि गाडी शाळेला निघालेल्या पोरासारखी पाय ओढते, हेच ना दुखणं? हात काढा लिव्हरवरचा. शी! केवढा चिकट, माश्या बसतील. आता खाली नळीच्या टोकाचा हा स्क्रू जरा सैल करतो — थूः! मेलं तोंडावरच उडालं! लिव्हरला कुणी हात लावला होता? नाही. मग तेल उडालं कसं? आत दाब कोंडलाय, म्हणून. लिव्हर सोडला की तेलानं वर हँडलवरच्या ह्या डबीत परत जायचं असतं, ते जातच नाही. म्हणजे तुमचा क्लच कायम अर्धा दाबलेला — घसरणार नाही तर काय करील बिचारा? जा, कोपऱ्यापर्यंत फिरवून आणा...

आलात? ओढली ना? ओढणारच, दाब सोडला ना मी. पण उद्या पुन्हा रडेल. झाकण काढू. घ्या वास. घ्या हो, मरत नाही माणूस. ब्रेक ऑइल! आणि झाकणावर काय लिहिलंय? मिनरल ऑइलच घाला. मी शाळेत बाकाखालीच जास्त शिकलो, तरी मला वाचता येतं! ब्रेक ऑइलनं ह्यातलं रबर फुगतं, फुगून परतीचं भोक बुजवतं. वरची-खालची दोन्ही रबरं बदलायची, नळी धुवायची, योग्य तेल भरायचं. एवढंच. पण हे विष पाजलं कुणी?

—समोर? समोरच्या गॅरेजात? हाहाहा! अहो, तो माझा धाकटा भाऊ! सख्खा! एका दहा नंबरच्या पान्यावरून बोलणं तुटलं — पाना नवा आला, बोलणं नाही आलं. किळस येते मला त्याची. ती पाटी बघा त्याची. खाली खडूनं काय लिहिलंय? ‘गाड्या बिघडवून मिळतील.’ मीच लिहिलं, दिवाळखोराची झोप मोडायला! पावसाळा गेल्यापासून तसंच आहे. रोज त्याच पाटीखाली उभा राहून शटर उघडतो, पण पुसत नाही. निर्लज्ज! मला खिजवायला ठेवलंय, दुसरं काय—

आणि टाकीवर हे फोड कसले? रंग उकललाय. ब्रेक ऑइल सांडलं की असंच होतं. तुम्ही सांडलंत? —त्यानं? हॅः! धाकट्यानं? नरसाळ्याशिवाय ओतायचा तो, थेंब इकडचा तिकडे नाही. आमचे वडील म्हणायचे, ह्याच्या हातात—

काय करत होता म्हणालात? बोट? डबीत बोट घालून ओतत होता? चाचपत?

...

आणि बाटली नाकाशीही धरली नाही? डोळ्यांशी धरली. अगदी पापणीला लावून. हं.

म्हणजे त्यानं ती पाटी... खिजवायला नव्हे तर. त्याला ती दिसलीच नाही. हाताएवढं अक्षर, साहेब. हाताएवढं! आणि मी मूर्ख इथे रोज चहा पीत हसतोय.

थांबा. ती पिवळी गाडी कुणाची उभी आहे त्याच्या दारात? चाकं काढलेली? शाळेची? ब्रेकचं काम... अरे देवा.

उठा, उठा त्या स्टुलावरून. गाडी राहू द्या, संध्याकाळी न्या. नाही, तुम्ही येऊ नका, परक्यासमोर तो मला पान्यानं मारायलाही लाजेल. ते फडकं द्या इकडे. ते नको, तेलकट आहे, ओलं द्या. आधी पाटी पुसतो, मग आत जातो.

बघत काय बसलात? निघा!