राधानगरीच्या गाडीनं गेलेले डबे

आजच्या या निरोप सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या घाटरेल्वे कृती समितीचे कार्याध्यक्ष माननीय हंबीरराव खराडे, प्रमुख पाहुणे प्राचार्य सयाजीराव इंगवले, व्यासपीठावर बसायला नको नको म्हणत शेवटी खुर्चीच्या कडेला टेकलेल्या आपल्या दानम्मा अक्का, त्यांना हुबळीला न्यायला आलेली त्यांची लेक दानेश्वरी, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला बोलायला सांगितलं ते मी वक्ता आहे म्हणून नव्हे. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर. पण अक्कांच्या खानावळीतला सगळ्यात जुनं गिऱ्हाईक मी, एवढीच माझी पात्रता. बायको गेल्यानंतर मी पहिल्यांदा त्या उंबऱ्यात पाय ठेवला. अक्कांनी विचारलं, "मास्तर, एकटंच?" मी मान हलवली. त्यांनी भाकरीवर जरा जास्त लोणी घातलं. त्या दिवसापासून मी तिथंच जेवतो आहे. उद्यापासून कुठं जेवायचं, हा प्रश्न माझ्यापुढं आहे आणि तुमच्यातल्या पुष्कळांपुढं आहे, हे मला तुमच्या चेहऱ्यांवर दिसतं.

अध्यक्षमहाराजांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. जरा जास्त लागतील. सांभाळून घ्या.

या गावात, जिथं पाहुणा आला की आधी मटणाचा विचार होतो, तिथं नेसरीकडच्या एका विधवा बाईनं स्टेशनजवळ शाकाहारी लिंगायत खानावळ काढायची, हे धाडसच होतं. अक्कांचे यजमान नागाप्पा मुगळी गेले तेव्हा दानेश्वरी परकरात होती आणि अमरेश शाळेत. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी आणि ताक. एवढ्या भांडवलावर अक्कांनी लेकीचं लग्न केलं आणि मुलाला स्थापत्याचा डिप्लोमा दिला. आज त्यांना शाल देताना सगळ्यांनी भाकरीचं नाव घेतलं, लेकीचं नाव घेतलं. अमरेशचं नाव मात्र अजून कुणी घेतलेलं नाही. कुणी तोंड उघडणार आहे का, याची मी वाट बघत होतो. आता मीच घेतो.

सत्त्याण्णव साल आठवा. कोल्हापूरहून घाट उतरून थेट कोकणातल्या बंदरापर्यंत रेल्वे, आणि ती परदेशी भांडवलावर, अशी हवा होती. दोन कंपन्या आल्या. एक युरोपातली, एक पूर्वेकडची. त्यांची नावं आपल्याला धड उच्चारता येत नव्हती, म्हणून आपण त्यांना त्यांच्या टोप्यांवरून ओळखायचो. पिवळ्या टोपीवाले आणि निळ्या टोपीवाले. आठवतंय ना? याच सभागृहात आपण दोघांनाही फेटे बांधले होते, एकाच दिवशी, हलगी लावून. पाहुण्याला नाही म्हणायची आपल्याला सवयच नाही. पिवळ्यांना आपण म्हणालो, रेल्वे तुम्हीच करायची. आणि त्यांची गाडी फाटकाबाहेर जाते ना जाते, तोवर निळ्यांनाही तेच म्हणालो. मोठ्या प्रेमानं म्हणालो. दोन्हींकडच्या साहेबांनी ते खरं धरलं आणि मनातल्या मनात एकमेकांचा काटा काढायला घेतला.

त्या दोघांत एकच गोष्ट समान होती. दोघांचीही माणसं अक्कांकडं जेवायची. एकमेकांशेजारी बसायला तयार नसत, म्हणून अक्कांनी मधल्या दारात पडदा लावला. आतल्या खोलीत पिवळे, बाहेरच्या खोलीत निळे. भाकरी दोन्हीकडं एकाच तव्यावरची. अमरेश पिवळ्यांच्याकडं सर्व्हेअर म्हणून लागला होता. दिवसभर दुर्बीण घेऊन डोंगरात, आणि संध्याकाळी घरी आला की हातपाय धुऊन वाढायला उभा. पोरगा निळ्यांच्या पंगतीतही वाढायचा. आईला मदत नको का करायला? पुढं हेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून सांगण्यात आलं.

रेल्वे करायची तर घाट कुठून उतरायचा, हा सगळा खेळ होता. दोन्ही कंपन्या आधी गगनबावड्याच्या बाजूनं आखणी करत होत्या. तिथं बोगदे फार, खर्च फार. पिवळ्यांच्या तुकडीला राधानगरीच्या बाजूनं एक सोपा उतार सापडला. तो शोधणाऱ्यांत अमरेश होता. त्या दिवसांत तो रानातल्या मुक्कामावरून घरी येऊन जेवायला बसला की हसायचा, का ते सांगायचा नाही. कंपनीची ताकीद होती. त्यानं ती आईजवळसुद्धा पाळली. फक्त एवढंच म्हणायचा, "अव्वा, आपल्या स्टेशनात कोकणाची गाडी लागंल बघ." आणि अक्का आमच्या ताटात भाकरी टाकताना ते वाक्य आम्हाला पुन्हा सांगायच्या.

मग असं झालं की पिवळ्यांनी नव्या वाटेवर पहिली खूण रोवली न रोवली, तोच निळे तिथं हजर. त्यांनीही खुणा रोवल्या. दोघांच्या निविदांत तीच वाट. भांडण, कोर्ट, वर्तमानपत्रं. पिवळ्यांचा मोठा साहेब कोल्हापूरला आला आणि याच सभागृहात म्हणाला की तुमच्यातल्याच कुणीतरी आमची वाट निळ्यांना विकली. संशय अमरेशवर. निळ्यांना रोज वाढणारा हाच. आमच्या मनात भीती एकच, पिवळे रागावून गेले तर रेल्वे जाईल. म्हणून समितीनं त्याच बैठकीत ठराव केला. अमरेश नागाप्पा मुगळी यानं गावाशी फितुरी केली, सबब समिती त्याचा निषेध करते. फितुरी. कोल्हापुरात हा शब्द माणसाला लावला की त्याच्या पुढच्या पिढीलाही तो धुऊन काढता येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

अमरेश त्या दाराजवळ उभा होता. हंबीररावांनी त्याला विचारलं, "तुला काय सांगायचं हाय का?" तो म्हणाला, "काय न्हाय." एवढंच म्हणून तो जिना उतरून गेला. मी मागच्या रांगेत होतो. समितीत नव्हतो, त्यामुळं हात वर करायचा प्रसंग माझ्यावर आला नाही. आला असता तर मी काय केलं असतं, ते कृपा करून विचारू नका.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पिवळे गेले. ते गेल्यावर निळ्यांनीही गाशा गुंडाळला, कारण त्यांना रेल्वे हवीच होती असं नाही, पिवळ्यांना ती मिळू नये एवढंच त्यांना हवं होतं. डोंगरात दोघांच्या खुणांचे दगड अजून शेजारी शेजारी आहेत, गुराखी त्यावर बसतात. अमरेशला इथं कुणी काम देईना. आफ्रिकेतल्या एका देशात रेल्वेचं काम निघालं होतं, तिथं एका ठेकेदाराकडं तो गेला. तिथंही भांडवल घालायला हेच पिवळे आणि हेच निळे एकमेकांना भिडले होते, असं त्यानं आईला फोनवर सांगितलं होतं, हसत. तो गेला त्या दिवशी स्टेशनवर त्याला पोचवायला फक्त अक्का होत्या. दोन वर्षांपूर्वी तापानं तो तिकडंच वारला. माती तिकडचीच मिळाली त्याला. आपल्यातले किती जण तेव्हा अक्कांकडं दुखवट्याला बसायला गेले? जेवायला गेलो आपण. जेवून, हात धुऊन आलो.

मंडळी, ही जुनी खपली मी सणासारख्या दिवशी का काढतो आहे, असं तुम्हाला वाटत असेल. अध्यक्षमहाराज, मी तुमची परवानगी घेतली नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, "मास्तर, आज नको." पण हे मला अक्कांनीच सांगायला लावलं आहे.

गेल्या वर्षी उन्मेष खानावळीत आला होता. निळ्यांच्या ऑफिसातला तो हसरा कारकून, आता पुण्यात असतो. पोटभर जेवला आणि कौतुकानं म्हणाला, "अक्का, त्या वेळी आमचं अर्धं काम तुमच्या डब्यांनी केलं बघा." अक्कांना कळेना. त्यानं समजावलं. तो रोज विचारायचा, उद्या आमची माणसं उशिरा आली तर भाकरी शिल्लक राहील का? आणि अक्का त्याला काळजीनं सांगायच्या, "राहील की. पिवळ्यांचं डबं आता कळ्याच्या गाडीनं जात न्हाईत, राधानगरीच्या गाडीनं जात्यात. कडक भाकरी बांधून दिलीया, चार दिवस काय ती येत न्हाईत. तुमच्या माणसांस्नी भरपूर हाय." निळ्यांना आणखी काय हवं होतं? कडक भाकरी म्हणजे मुक्काम रानात, आणि एसटी आता गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या कळ्याची नव्हे, राधानगरीची.

उन्मेषला त्यात वाईट काही वाटलं नव्हतं. ठरावाच्या आधीच त्याची बदली झालेली, अमरेशचं त्याला माहीतही नव्हतं. तो बडीशेप खाऊन निघून गेला. अक्का परातीपाशी बसल्या होत्या, पीठ तसंच राहिलं. त्यांना एक गोष्ट आठवली. ठरावाच्या आदल्या दिवशी अमरेशनं त्यांना विचारलं होतं, "अव्वा, आमच्या डब्यांचं तू कुणाला काय बोललीस का?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "व्हय, बोलले की. जेवणारी माणसं ती, त्यांच्यापासनं काय लपवायचं?"  तो ताट पुढं ओढून जेवला आणि आणखी एक भाकरी मागितली.

म्हणजे त्याला माहीत होतं. इथं, त्या दाराजवळ, "काय न्हाय" म्हणताना त्याला सगळं माहीत होतं. एक शब्द बोलला असता तर तो सुटला असता आणि फितुरीचा शिक्का आईच्या खानावळीवर बसला असता.

उन्मेष येऊन गेला त्या दिवसापासून अक्का कुणालाही सांगत नाहीत की आज किती माणसांचं जेवण आहे. मी सहज विचारलं तरी भाकरी थापत राहतात. चार दिवसांपूर्वी त्यांनी मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "मास्तर, माझं कौतुक करू नगा. भाकरी मी पैसं घेऊन वाढलीया. त्या ठरावातलं माझ्या पोराचं नाव काढा, आणि तितं माझं घाला."

अक्का, मान वर करा. तुमचं अर्धं म्हणणं मी मान्य केलं आहे, अर्धं नाही. भुकेलेल्याला भाकरी आहे की नाही हे सांगणं ही फितुरी असेल, तर या गावातलं प्रत्येक घर फितूर आहे. तुमचं नाव कुठंही घातलं जाणार नाही. अमरेशचं नाव मात्र आज निघालंच पाहिजे. समितीचे सगळे सभासद इथं आहेत, अक्कांच्या हातचं शेवटचं जेवण म्हटल्यावर कोण घरी राहील? मी सभासद नाही, पण मी विचारतो. तो ठराव मागे घ्यायला ज्यांची संमती आहे, त्यांनी हात वर करावेत.

अध्यक्षमहाराज, तुमचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला, तो मी पाहिला. आभारी आहे. सभासद नसलेल्यांनीही हात वर केलेत. असू द्या. लगेच खाली घेऊ नका. अक्कांना चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही, दानेश्वरी त्यांना चष्मा देते आहे. त्यांना नीट बघू द्या.

अमरेशला हे कळायचं नाही. आपल्या हातांना तेवढ्या लांबचं काही करता येत नाही.

आपण सर्वांनी माझं लांबलेलं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, समितीनं मला इथं उभं केलं, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर म्हाताऱ्या मास्तरला उदार मनानं क्षमा करा.

आता खाली पंगत मांडायची आहे. वाढपी विचारतायत, किती पानं मांडायची. अक्का, ते तुम्हीच सांगा. मोठ्यानं सांगा. ऐकलं कुणी तर ऐकू द्या.